माझ्या जागची सुपारी

जोडीनं बसायच्या पूजेला बायको नसेल, तर नवऱ्यानं कमरेला एक सुपारी खोचायची आणि तीच बायको समजून पूजा उरकायची, अशी आमच्याकडे सोय आहे. माझा नवरा लग्नानंतर प्रत्येक पूजेला असाच बसला. मी त्या वेळी गावाला गेलेली नसायचे. स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा ढवळत असायचे. शिरा मला चांगला जमतो. देव जमत नाही.

हे लग्नाआधीच ठरलं होतं. तो कळवणकडच्या शेतकरी घरातला, नाशकात शेती-औषधांचं दुकान चालवणारा, देवपूजा झाल्याशिवाय चहासुद्धा न घेणारा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणारी, कळायला लागल्यापासून देव न मानणारी. आम्ही एकमेकांना दोनच अटी घातल्या. त्यानं मला पूजेला बस म्हणायचं नाही आणि मी त्याच्या पूजेला हसायचं नाही. दोघांनी त्या पाळल्या. लोकांना वाटायचं, या घरात रोज देवावरून जुंपत असेल. जुंपायची, पण पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून.

मग त्याच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागेल, पण आठवडाभर थांबलं तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला माझ्या नणंदबाई कळवणहून आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "वहिनी, दादाचा गडावरचा नवस फेडायचा राह्यलाय. म्हणून हे मागं लागलंय."

"नवसानं नाही, ताई. रोज संध्याकाळी दुकानात भजी मागवल्यानं लागलंय."

"तुम्हाला पटायचं नाय. पण त्याला विचारा तरी."

गड म्हणजे वणीचा. तिथली देवी त्यांची कुलस्वामिनी. ताई चहा पिऊन गेल्यावर मी त्याला विचारलं.

"तिचं काय ऐकतेस?"

"नवस आहे की नाही, तेवढं सांग."

"आहे. तुझी गर्भपिशवी काढली तेव्हाचा. गाठीचा रिपोर्ट यायचा होता. चांगला आला तर जोडीनं येऊ आणि तुझ्या हातानं ओटी भरू, असं बोललो होतो."

रिपोर्ट चांगला आला होता. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं नाही असं ठरलं होतं ना."

"सुपारी घेऊन जायचं होतंस."

"नवस बोलताना सुपारी बोललो नव्हतो."

त्याला ऑपरेशनची भीती नव्हती. देवीला दिलेला शब्द राहिला असताना टेबलावर झोपायची होती. ताटातलं अर्धं तसंच राहायचं, आणि माझ्याशी बोलतानाही त्याचं लक्ष देवघराकडे असायचं. अशा माणसाला हृदयाचं चित्र काढून समजावण्यात अर्थ नसतो. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गाडीनं जा, गडावर रुळांवरच्या ट्रॉलीनं जा, एकही पायरी चढायची नाही. त्याला येऊन सांगितलं, तर तो खूश व्हायचा सोडून अडूनच बसला.

"नको. तुझा विश्वास नाही. मग ते खोटं होईल. तिच्याशी खोटं वागून मी टेबलावर जाणार नाही."

"खोटं कसलं? खण, नारळ, तांदूळ, सगळं खरं असेल. भरणारी मीच असेन. तुझ्या मनातली गाठ मोकळी व्हावी म्हणून भरणार, हेही खरं आहे."

"आणि नमस्कार?"

"तो नाही करणार. तो केला तर खोटं होईल."

त्यानं मान खाली घालून माझं ऐकून घेतलं. दुकानात एखादा शेतकरी पिकाचा रोग सांगायला लागला की तो असंच सगळं ऐकून घ्यायचा आणि मग एकच औषध सांगायचा. शेवटी म्हणाला, "नमस्कार नवसात नव्हता."

मी रविवार कारंजावरून साडी आणि खण आणला. आडवारी गडावर गेलो, गर्दी नव्हती. संकल्पाच्या वेळी गुरुजी म्हणाले, "ताई, यजमानांच्या हाताला हात लावा." मी त्याच्या उजव्या हाताला माझा हात लावला. हात गार होता. इतक्या वर्षांत या कामासाठी मी तो पहिल्यांदा धरत होते. तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं. त्यानं डावा हात कमरेशी नेला आणि खोचलेली सुपारी काढली. सवयीनं घरूनच खोचून आला होता. ती त्यानं माझ्याकडे दिली, मी पर्समध्ये टाकली.

मी ओटी भरली. गुरुजी म्हणाले, "आता नमस्कार करा." तो वाकला. मी उभी राहिले. गुरुजींनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा तोच म्हणाला, "राहू द्या, महाराज. ठरलं होतं तेवढं झालं."

परतताना रस्त्यात त्यानं स्वतःहून डबा उघडायला लावला आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं त्याच्या मनगटावरचा गडावरचा धागा कापला. त्याची कुरकुर नव्हती. स्ट्रेचर हलवताना म्हणाला, "सुपारी आहे ना पर्समध्ये?"

"आहे."

"असू दे."

ऑपरेशन नीट झालं. नंतर फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं. तो गेला.

दहावं-तेरावं ताईंनी त्यांच्या पद्धतीनं करवून घेतलं. मी आडवी आले नाही, त्याला तसंच हवं असतं. सगळं आटोपल्यावर देव कळवणला न्यायचं ठरलं, कारण माझ्याकडे त्यांची पूजा होणार नव्हती. देवांचे टाक पुसून कापडात गुंडाळता गुंडाळता ताई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण तेवढा नमस्कार केला असता तर..."

"नमस्कार नवसात नव्हता, ताई. हे तुमचे दादाच म्हणाले."

त्या रडल्या. मी पाणी दिलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, दादाची ती पूजेला खोचायची सुपारी द्या. देवांबरोबर ठेवते."

"ती देवांची नाही. ती माझ्या जागची आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाठोड्याला घट्ट गाठ मारली. मी गाठोडं उचललं आणि त्यांना कळवणच्या बसमध्ये बसवून आले.