एका घरातून एकच

"त्या वर्गातून नाव मागे घे, अक्षरा. एका घरातून एकालाच घेतात. तू हटलीस की माझा नंबर लागतो."

"मुलाखतीला मी वेळेवर गेले, दादा. तू लोळत होतास."

"अरे यार, तुला दुकान काढून करायचंय काय? लग्न करून जाशील."

"तुझं झालं की जाईन. तुला मुलगी कोण देतंय ते बघू आधी."

ऋतुराजने तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं. दोन वर्षं ती चंडीगढच्या गच्च्यांवर एसी दुरुस्त करत फिरली होती, तेव्हा कुठे स्वतःचं दुकान चालवायला शिकवणारा हा वर्ग मिळाला होता. आज पहिली हजेरी चुकली, की जागा गेली. त्याने पुन्हा वेणी खेचताच तिने पिशवीतला पाना काढून त्याच्या मनगटावर हाणला. तो कळवळत खाली बसला.

निवृत्त सुभेदार चंद्रकांतरावांनी लेकाकडे पाहिलं आणि माघारीचा अर्ज लेकीपुढे धरला. "सही कर. विषय संपव."

आईने ओला फडका दिला. "रक्त पूस आधी. मग कर सही."

अक्षराने फडका कपाळाला दाबला आणि पायात बूट सरकवले.

"सही न करता गेलीस तर या घरात परत यायचं नाही," बाबा म्हणाले. "ऐकतेस ना?"

ती पिशवी उचलून जिना उतरू लागली.