पहिलं पत्रक सरांच्या हातात

इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर आई माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबत होती आणि बाबा बसच्या खिडकीखाली उभे राहून मला शेवटच्या सूचना देत होते. "तिथली माणसं पत्रक हातात घिऊन वाचत्यात का बघ. वाचत नसतील तर असल्या गावात ऱ्हायचं न्हाई. सरळ परत यायचं."

"अहो, पोरगी इंजिनिअरिंगला निघालीय, मोर्चाला न्हाई," आई म्हणाली.

मी पत्रकांवरच वाढले. यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं बाबा लिहायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो. जेवणाच्या ताटाखालीसुद्धा चुकीचं छापलेलं पत्रकच असायचं. बाबांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध लिहिलंय, पहिलं पत्रक त्याच्याच हातात. ते स्वतः मालकाच्या केबिनमध्ये जाऊन देऊन यायचे. मालकाच्या माघारी वाटलेल्या कागदाला ते कुजबुज म्हणायचे.

बेंगळुरूने सुरुवातीलाच माझा हिरमोड केला. रस्त्यावर हातात येणारा कागद म्हणजे पीजीची नाहीतर क्लासची जाहिरात. लोक न बघताच टाकून द्यायचे. कन्नड येत नव्हतं, आणि हिंदीत मला धड भांडताही येत नव्हतं. मी परतच गेले असते, पण वर्कशॉपमध्ये होसूरकर सर भेटले.

ते मेकॅनिकलचे प्राध्यापक. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, वडील सरकारी कारखान्यात फोरमन होते. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की ते नक्की कोणत्या भाषेत रागावताहेत हे मला आधी कळायचंच नाही. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला ते लोखंडाचा तुकडा आणि कानस द्यायचे. कडा सपाट करून आणायची. मग तुकडा खिडकीकडे धरून ते त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवायचे, आणि मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की तुकडा परत. "उजेड दिसतोय. स्वल्प अजून घास." तळहाताला फोड आले तरी आपलं स्वल्पच. ज्या दिवशी रेघ दिसली नाही, त्या दिवशी ते नुसतं "सरी" म्हणाले. मी धावत जाऊन बाबांना फोन केला.

"सरी म्हंजे?"

"म्हणजे ठीक आहे."

"एवढंच?" बाबांना ते फारच कमी वाटलं. मला मात्र त्या दिवशी या शहरात जागा मिळाल्यासारखं वाटलं.

तेव्हा सरांच्या नखांत लोखंडाची काळी कड असायची. ते विभागप्रमुख झाले, डीन झाले, आणि ती कड फिकी होत गेली. मी एम.टेक.ला असताना ते कुलगुरू झाले. आम्ही वर्कशॉपमध्ये म्हैसूरपाक वाटला. आपला माणूस वर गेला, आता काळजी नाही! आणि सहा महिन्यांच्या आत त्याच माणसाच्या सहीचा आदेश आला: वर्कशॉपची शेड पाडून तिथे संगणकांचं नवं केंद्र बांधायचं.

मी संतापून पत्रक लिहिलं. आता ते पहिलं कुणाच्या हातात द्यायचं, हे मला सांगायची गरज नव्हती. पण माझा प्रबंध सरांकडेच होता. त्यांनी मनात आणलं असतं तर माझी दोन वर्षं वाया गेली असती. "पागल आहेस का तू?" नागपूरची रूममेट म्हणाली. "नाव काढ, नोटीसबोर्डवर चिकटव आणि मोकळी हो ना!"

मी नावासकट घेऊन गेले. बाबांच्या पत्रकांच्या गोष्टी सरांनी माझ्याकडून कधीच ऐकल्या होत्या. सरांनी उभ्यानेच दोनदा वाचलं. मग कागद खिडकीकडे धरला, अगदी पूर्वी तुकडा धरायचे तसा.

"काय नको ते लिहिलंस. काय हवं ते कुठंय? उजेड दिसतोय, गं."

"शेड पाडू नका, एवढंच हवंय, सर."

"पोरं कानस धरेनात. निम्मी बाकं रिकामी. रिकामी शेड कशाला राखू, सांग की."

"आम्ही तरी कुठे आपणहून धरली होती? तुम्ही धरायला लावलीत."

ते स्वतःच्या स्वच्छ नखांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बस. कॉफी घे. इथंच नीट लिही, मग वाट."

"आणि माझा प्रबंध?"

"त्यात चुका असतील तर दाखवीन की. याचा राग त्यात काढायला मी काय तुझ्या बाबांचा मालक?"

शेड पडलीच. त्या दिवशी मी तिकडे फिरकले नाही. पण नव्या पत्रकात मागितलं होतं तसं काचेच्या इमारतीत तळमजल्यावर कानशीची बाकं राहिली, आणि शनिवारी सकाळी कुलगुरू स्वतः गुण्या घेऊन यायचे. यंदा त्यांची मुदत संपली. परवा भेटले तेव्हा नखं पुन्हा काळी होती.

मी आता व्हाइटफील्डला नोकरी करते. टेबलावर तो लोखंडाचा तुकडा आहे. टीममधल्यांना तो पेपरवेट वाटतो. मारतहळ्ळीच्या पुलाखाली कॅबची वाट बघताना अजूनही गावचा माग कानात वाजतो. तिकडे राहिलेल्या मैत्रिणी विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं? माझ्यासारख्या इकडे आलेल्याही एकमेकींना हेच विचारतात. माझ्यापुरतं उत्तर मला सरांकडच्या त्या कॉफीनंतर बाबांना केलेल्या फोनवर मिळालं.

"घेतलं का हातात?" बाबांनी विचारलं.

"घेतलं."

"वाचलं?"

"दोनदा. कच्चं आहे म्हणाले. तिथंच बसवून परत लिहायला लावलं."

पलीकडे मागाचा खडखडाट. त्यावर आवाज चढवून बाबा म्हणाले, "मग ऱ्हा तिथं."