कांद्याच्या अकरा बरण्या

"बरणीत ओला चमचा घातला तं हात मोडीन."

हे ती हसत म्हणायची नाही. म्हणायची आणि झाऱ्याच्या दांड्याने बोटांवर एक ठेवूनही द्यायची. माझ्याही बोटांवर बसलाय, आणि खानावळ माझी होती बरं का.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट असेल. गोंदियात माझी लहानशी खानावळ होती. बिरसीला विमान चालवायला शिकणारी काही पोरं शहरात खोल्या करून राहायची, ती माझ्याकडे जेवायची. तेव्हा ही आली केशोरीकडून, एक पिशवी घेऊन आणि डाव्या डोळ्याखाली हिरवानिळा डाग घेऊन. माझं आणि तिचं माहेर एकाच गावचं. तिच्या आईला मी ओळखत होते, म्हणून काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कणीक तिंबता तिंबता तिनेच सांगितलं. नवरा बैल हाकायच्या काठीने मारायचा. मागच्या खेपेला विहिरीच्या कठड्यावर डोकं आपटलं होतं. "आता वापस गेली तं जित्ती नाही राहात मी," म्हणाली, आणि कणकेला असा ठोसा दिला की परात सरकली.

त्या पोरांपैकी एकाला घरून कांद्याच्या सुपाची पाकिटं यायची. पूड गरम पाण्यात टाकली की झालं सूप. त्याने एक पाकीट हिला दिलं. हिने चिमूटभर जिभेवर ठेवली, बराच वेळ चघळली आणि निकाल दिला, की यात मीठच लय, कांदा नावाले. मी करीन.

आणि केली. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर खाटा टाकून कांद्याच्या पातळ कापा वाळवल्या. वाकवली की काप कट्‌कन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर परत उन्हात. मग मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायच्या आणि खलबत्त्यात कुटायच्या. तिचं ते कुटणं तुम्ही ऐकायला हवं होतं. शेजारीण भिंतीवर थापा मारायची. मी एकदा म्हटलं, अगं बाई, कांदा मेला कधीचा, काऊन एवढी मारतेस? तर नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "थो दिसते मले त्यात." आम्ही दोघी हसलो. मी जरा कमी हसले.

त्यात भाजलेलं तांदळाचं पीठ, मिरपूड, सुंठ, थोडी साखर. मीठ अगदी शेवटी, आणि तेही तव्यावर गरम करून, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे पावसाळ्यात चहूकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, भिंतीलासुद्धा घाम. अशा हवेत पूड टिकवायची म्हणजे गंमत नाही. ती बरण्या उन्हात तापवायची, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, झाकण घट्ट करून त्या बरण्या धानाच्या कोरड्या कोंड्याने भरलेल्या पेटीत गळ्यापर्यंत पुरायची. अशा अकरा बरण्या होत्या. उन्हाळा गेला होता तिचा त्यांत.

वापरायच्या आधी बरणी हलवायची, नाहीतर मीठमिरं तळाला आणि कांदा वर राहतो. वरणात घातली तर वरणाचं मीठ कमी करायचं. बटाट्याच्या रश्श्यात तर इतकी छान लागायची की पोरं वाटी चाटायची. आणि उकळत्या भांड्यावर बरणी कधीही उलटी करायची नाही, वाफ आत जाते आणि दोन दिवसांत गोळे. एका पोराने ते केलं. तिने त्याच्या मनगटावर असा झारा हाणला की चमचा सुपात बुडाला. तो कळवळून म्हणाला, "चाची, मार डालोगी क्या?" ती म्हणाली, "हां." नंतर त्याच्याच मनगटाला हळद लावत बसली होती, तोंडाने शिव्या देत.

पोळ्याच्या चार दिवस आधी भर दुपारी तिचा नवरा आला. स्वच्छ सदरा, केस चोपून बसवलेले, दारात उभं राहून मला वाकून नमस्कार.

आता आमच्याकडची रीत सांगते. गावची लेक ती आपली लेक, मग ती कोणाच्याही घरची असो. म्हणजे तिचा नवरा माझा जावई. जावई दारात आला की पाय धुवायला पाणी, पाट, ताट. उपाशी परतवला तर माहेरी तोंड दाखवायला जागा नाही. मी तांब्या भरायला आत गेले, तर ती चुलीपाशी भिंतीला चिकटून उभी.

"आई, त्याले बसवू नोका."

मी म्हटलं, अगं, दोन घास खाईल आणि जाईल. मी आहे ना इथे.

मी आहे ना. काय शब्द होते माझे.

तो पोटभर जेवला. वरण दोनदा मागितलं, छान झालं म्हणाला. हात धुतले, पंच्याला पुसले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला. चल घरी, म्हणाला. ती नाही म्हणाली. त्याने पेटीतली पहिली बरणी काढून तिच्या पायाशी फोडली. चल. नाही. दुसरी. मी मध्ये गेले तर मला असं ढकललं की मी विझलेल्या शेगडीवर पडले. बरण्यांमागून बरण्या फुटत होत्या, खोलीभर मिरपूड आणि कांदा उडालेला, कोणाला काही दिसत नव्हतं, मी रडत होते आणि शिंकत होते. शेवटची फुटली तेव्हा त्याने तिचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि बत्ता उचलला. तीनदा मारला. चौथ्यांदा उचलला तेव्हा तिने डाव्या हाताने लगतच्या चुलीवरच्या कढईतून, तेलातला तापलेला झारा काढून त्याच्या मानेवर टेकवला. टेकवला आणि दाबून धरला. तो जनावरासारखा ओरडत पळाला.

जमिनीवर पूड होती आणि तिचं रक्त. पुडीचे गोळे झाले होते.

ती दवाखान्यात असताना माझ्या माहेरची तीन माणसं आली, माझा सख्खा भाऊ धरून. म्हणे, जावयाची मान जळलीये, दोन्हीकडून बरोबर झालं, मिटवून टाका. पोलिसात बयान दिलंस तर गावात पाय ठेवू नको. भावाच्या आणि त्या नवऱ्याच्या शेताला एकच पाट होता इटियाडोह धरणाच्या पाण्याचा, त्याचंही पोट त्यातच अडकलेलं. ती खाटेवरून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर एवढंच बोलली, "आई, बयान देऊन राहिल्या का नाही, आत्ताच सांगा." बयान देणारी मी एकटीच होते. ते नसतं तर मान जाळली म्हणून तिलाच आत टाकलं असतं, नाहीतर त्याच्या घरी पाठवलं असतं.

मी बयान दिलं. जेवू घातल्यापासून बत्त्यापर्यंत सगळं. त्याला शिक्षा झाली. माझं माहेर तुटलं ते आजतागायत. त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही, भावाच्या नातवाचं बारसंही मी पाहिलं नाही.

तिची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. ती दोन वर्षं आणखी राहिली माझ्याकडे. पुढच्या उन्हाळ्यात डाव्या हाताने कांदे चिरले, कुटायला मला बसवलं. मी कुटायचे, ती उभी राहून ओरडायची, जोर नाही का अंगात. मग नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं.

जायच्या दिवशी सकाळी ती पिशवी बांधत होती. दोन वर्षं जे तोंडात होतं ते मी तेव्हा बोलले. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी त्याला बसवायला नको होतं.

मला वाटलं, जाऊ द्या आई म्हणेल. कोणीही म्हणालं असतं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हो. नव्हतं बसवाचं."

मग पिशवीची गाठ दातात धरून घट्ट ओढली, जयभीम केला आणि ऑटोत बसली.