विहीणबाईंच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये

घाटात भर रस्त्यात सायकल स्टँडवर लावून मागच्या ट्रकवाल्याला हाताने 'थांब' म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी विहीण निघाली. चढावर ट्रक बंद पडला की ड्रायव्हर लोक चाकामागे दगड लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ट्रक सुरू झाला की तो दगड तसाच रस्त्यात सोडून निघून जातात, हेही पाहिलं असेल. ते दगड माझ्या विहीणबाई उचलायच्या. दगड दिसला की सायकल थांबली, पदर खोचला, दगड दोन्ही हातांनी उचलून डोंगराच्या बाजूला नेऊन ठेवला. दरीत कधी टाकायच्या नाहीत, खाली कुणाची शेळी चरत असली तर? मागे एसटी असो, काळी-पिवळी असो, नाहीतर माझी गाडी असो, सगळ्यांनी थांबायचं. आणि सगळे थांबायचे, हॉर्नसुद्धा न वाजवता. मला त्याचं नवल वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, पोटात दुखायचंही.

आता नीट सांगते. आम्ही अहमदपूरचे. मालकांचं किराणा दुकान. माझी लेक रेखा कंधारला दिली. महानंदाबाई ही तिची सासू. कंधारातून आमच्याकडे यायला निघालं की एक वळणावळणाचा घाट लागतो. मोठ्या डोंगरातल्या लोकांनी पाहिला तर हसतील एवढाच, पण आमच्यासाठी घाट तो घाट. त्याच्या माथ्यावर विहीणबाईंचं सीताफळांचं शेत. त्यांच्या मालकांचं कंधारात सायकलचं दुकान होतं. ते वारले, दुकान मोडलं, एक सायकल तेवढी ठेवली. त्या सायकलवर ही बाई, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, सहावारी साडी, रोज घाट चढून शेतात जायची. साठी ओलांडलेली. फार चढ आला की उतरून ढकलायची, पण दुसऱ्या कुठल्या वाहनात पाय ठेवायची नाही.

मालकांना दिसायचं कमी झालं, गाडी दारात नुसती उभी राहायला लागली, तेव्हा मी पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकले. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी पहिली बाई मी. मला वाटलं होतं, कंधारात मी स्टिअरिंगवर बसून उतरले की व्याहीमंडळी बघत राहतील. बघितलं की. शेजारची एक म्हातारी जवळ आली, गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी हाय. पण आमच्या अक्का सायकलवर घाट चढतात, ठाऊक हाय का?"

अक्का. सगळा रस्ता त्यांना अक्का म्हणायचा. एसटीचे ड्रायव्हर समोरून येताना हात कपाळाला लावायचे. काळी-पिवळीवाले खिडकीतून डोकं काढून विचारायचे, अक्का, जेवलात का. मी मागून गाडीत. मला काय म्हणायचे? "ओ मॅडम, डावीकडं घ्या." एवढंच.

पहिल्यांदा मी त्यांच्या मागे हॉर्न वाजवला, तेव्हा त्यांनी सायकल थांबवली, माझ्या खिडकीशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "विहीणबाई, उतरणाऱ्याला ब्रेक असतो. चढणाऱ्याला नुसता दम असतो. दम तोडू नका माणसाचा." मागे उभ्या असलेल्या टेम्पोतला क्लीनर खी खी हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्यात त्या मुलाच्या आई. मान त्यांचा. लग्नसुद्धा कंधारलाच करा म्हणून अडून बसल्या, तेव्हा आमच्या पाहुण्यांनी भरलेल्या तीन गाड्या घाट उतरून गेल्या. मी मनात म्हटलं, केवढा हा तोरा. पुढे गाडी चालवायला लागल्यावर मी कितीदा म्हटलं, बसा, शेतापर्यंत सोडते. त्यांचं उत्तर ठरलेलं: "तुमची गाडी तुम्हाला लखलाभ. आम्हाला पाय हायेत." असं म्हणून टांग मारायच्या. मी गाडीत बसून त्यांच्या पाठीकडे बघत राहायची.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग सृष्टी झाली, आमची नात, आणि खरी आग तिथे लागली. पोरगी त्यांच्या घरात वाढली, त्यांच्या मांडीवर. मी दर रविवारी गाडी घेऊन जायची, म्हटलं एक दिवस तरी माझ्याकडे राहू दे. तर पोरीला गाडी लागायची. पहिल्या वळणाला तोंड पांढरं, दुसऱ्याला उलटी. लिंबू दिलं, आवळासुपारी दिली, कुणी सांगितलं म्हणून सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसवलं. काही उपयोग नाही. पाच वर्षांची पोर, गाडी दिसली की आजीच्या पदरात तोंड लपवायची. त्या आजीच्या, माझ्या नव्हे. आम्हा दोघींना तिने नावं पाडली होती, सायकल-आजी आणि उलटी-आजी. घरातले हसायचे. मीही हसायची. काय करता?

एका रविवारी काय झालं, आम्ही निघालो आणि घाटाच्या पायथ्याला विहीणबाई पुढे. समोरून उसाचे ट्रॅक्टर येत होते, मला पुढे काढता येईना. पहिल्या गिअरमध्ये मी त्यांच्या मागे मागे. सृष्टी माझ्या शेजारी, मान उंच करून काचेतून आजीची पाठ बघत बसली. एक वळण गेलं, दुसरं गेलं, पोरगी गप्प. माथ्यावर आलो तरी तोंड कोरडं. मला वाटलं, लिंबाने काम केलं. पुढच्या रविवारी विहीणबाई पुढे नव्हत्या, आणि पहिल्याच वळणाला माझी साडी गेली. त्याच्या पुढच्या रविवारी मला उमगलं. पोरीला लिंबू नको, तिला समोर सायकल पाहिजे.

विचारायला जाताना माझे पाय किती जड झाले असतील, याचा विचार करा. चहा घेता घेता म्हटलं, विहीणबाई, रविवारी शेतात किती वाजता निघता हो? त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांना सगळं समजलं. हसल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तेव्हा.

तेव्हापासून आमची वरात निघायला लागली. पुढे सायकल, मागे माझी गाडी, तिच्या मागे जीप, टेम्पो, एसटी, जे कुणी येईल ते. क्लचचा जळका वास यायचा. त्यांनी उतरून सायकल ढकलायला सुरुवात केली की मी ब्रेकवर पाय देऊन बसायची. माझ्या गाडीत, माझ्या शेजारी, माझी नात, आणि तिचे डोळे सगळा घाटभर त्या बाईच्या पाठीवर. मी बोलायला लागले तर म्हणायची, "थांब ना आजी, मला बघू दे." संध्याकाळी परत सोडायला निघाले की त्या शेतातून येऊन माथ्यावर उभ्या. उतारावरही पुढे त्याच. आंधळं वळण आलं की हात आडवा करून मला हळू करायला लावायच्या. "वळणापलीकडचं दिसत न्हाई तोवर रस्ता आपला न्हाई," हे वाक्य तर पोरीने पाठच केलं होतं. माझं एकही वाक्य तिने कधी पाठ केलं नाही.

चौथी झाल्यावर रेखा आणि जावयांनी ठरवलं की सृष्टीला पाचवीपासून अहमदपूरच्या शाळेत घालायचं, आमच्याकडे ठेवायचं. मी वरवर म्हटलं, बघा बाई, विहीणबाईंना विचारा. आतून मात्र मी जिंकले होते. पोरीची खोली लावली, पडदे शिवले, कपाटाला आरसा बसवला.

न्यायच्या दिवशी नेहमीसारखीच वरात निघाली. पुढे विहीणबाई. त्या दिवशी त्या फार वेळा उतरल्या, सपाटीलाही उतरल्या. मला वाटलं, मुद्दाम वेळ काढतात. माथ्यावर आल्यावर शेताच्या वाटेला सायकल लावली आणि खिडकीशी आल्या. घाम पुसत पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मग मला बाजूला बोलावलं.

"मी आता काही दिवस येणार न्हाई," त्या म्हणाल्या. "मी दिसले की पोरगी तुमच्याकडं रमायची न्हाई. तिला तुमची होऊ द्या."

मी एवढी तयारी करून गेले होते. त्या रडतील, दोन टोमणे मारतील, मग मी समजूत घालीन. आणि या बाईने एका वाक्यात पोरगी माझ्या ओटीत घातली. असं देणं मला जन्मात जमलं नसतं. घरी पोचेपर्यंत तेच मला टोचत राहिलं. घेणारीचा हात खाली असतो, मग गाडीत बसून का घेईना.

आणि पोरगी रमली नाही. शाळेत जायची, यायची, पडद्यांकडे बघायची नाही. भाकरी चिवडायची. मी डिंकाचे लाडू, धपाटे, जे सुचेल ते केलं. मग तापली. डॉक्टर म्हणाले साधा ताप आहे, उतरेल. पण तापात ती एकाच आजीला हाक मारत होती, आणि ती हाक ऐकायला उशाशी मी. दुसऱ्या दिवशीही तेच. मालक म्हणाले, "किती दिवस बघत बसणार आहेस? जा, घेऊन ये त्यांना."

मी एकटी घाट उतरून कंधारला गेले. विहीणबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि सायकलकडे गेल्या. मी म्हटलं, अहो, अहमदपूर काय जवळ आहे का, संध्याकाळ होईल. गाडीत बसा. त्या सायकलचं हँडल धरून उभ्या राहिल्या. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. एवढं होऊनही तोरा जात नाही हिचा, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, आत जाऊन एक लिंबू आणलं आणि माझ्या शेजारी बसल्या.

पहिल्या वळणाला त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. दुसऱ्या वळणाला मी बघते तर तोंड पांढरंफटक, अगदी सृष्टीसारखं. "थांबवा," एवढंच म्हणाल्या. मी गाडी कडेला घेतेय तोवर दार उघडून खाली उतरल्या, कठड्याशी बसल्या आणि भडाभडा ओकल्या.

मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेले. तेवढ्यात वरून ट्रकचा आवाज आला. विहीणबाईंनी माझा हात धरून मला पुढे उभं केलं आणि स्वतः गाडीच्या आडोशाला पदर डोक्यावर ओढून उकिडव्या बसल्या. ट्रकवाल्याने वेग कमी केला, खिडकीतून विचारलं, "मॅडम, आज अक्का दिसल्या न्हाईत घाटात?"

"न्हाई दिसल्या बाबा," मी म्हटलं. "शेतात असतील."

ट्रक गेला. त्या तशाच बसून राहिल्या. मग चूळ भरली, तोंड पुसलं आणि खालमानेने म्हणाल्या, "लहानपणापासून हाय हे. एसटीत, जीपमधी, कशातच जमत न्हाई. म्हणून तर सायकल." मग बाटलीचं झाकण लावलं. "विहीणबाई, कुणाला सांगू नका. घाटातली पोरं मला लई मानतात."

इतकी वर्षं मी ज्या तोऱ्यावर जळत होते, तो असा माझ्यासमोर कठड्याला धरून बसला होता. हसू आलं, आणि हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. पोरीचं नाक त्यांचं, चालणं त्यांचं, बोलणं त्यांचं. आता उलटीसुद्धा त्यांच्याकडूनच आलेली. माझ्याकडचं त्या पोरीत काही आहे की नाही, देव जाणे.

"चालत जायचं का माथ्यापर्यंत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, नको, पोरगी वाट बघून राहिली असंल. चला. आणि परत गाडीत बसल्या. अहमदपूर येईपर्यंत मला कितीदा गाडी थांबवावी लागली ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी तोंड पुसून म्हणायच्या, चला. घरी पोचल्यावर उभं राहायचं त्राण नव्हतं. तशाच सृष्टीच्या पलंगावर तिच्या शेजारी आडव्या झाल्या. पोरीने डोळे उघडले, त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि विचारलं, "आजी, सायकल कुठं हाय?" त्या म्हणाल्या, पंक्चर हाय. दोघी झोपल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी मऊ भात टाकला.

पुढे पोरगी रमली. विहीणबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या, माझ्याच गाडीत, पिशव्या आणि लिंबू बरोबर घेऊन. घाटात समोरून गाडी दिसली की पदर डोक्यावरून ओढून सीटवर खाली सरकायच्या. मी सरळ समोर बघत गाडी चालवायची. लोकांना वाटायचं, मॅडमच्या गाडीत कुणी आजारी बाई आहे.

गेल्या वर्षी त्या गेल्या. थोडंच दुखणं झालं. माती द्यायला कंधारात माणूस मावेना. अर्धे तर ड्रायव्हर, क्लीनर, गाड्या कुठे कुठे लावून आलेले. मी बायकांत बसले होते, सृष्टी माझ्या खांद्याला टेकून. आता ती दहावीत आहे. हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, लिही, ड्रायव्हर लोक कुठं वाचत बसतात.

माती झाल्यावर एक म्हातारा ट्रकवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, मी अक्काला कितीदा म्हटलं असंल, बसा, माथ्यावर सोडतो. कधी बसल्या न्हाईत. कुणाचं मिंधं होणं त्यांना ठाऊकच नव्हतं. असा स्वाभिमान पुन्हा बघायला मिळायचा न्हाई."

सृष्टीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी किती वर्षं त्या बाईवर जळले, ते माझं मला ठाऊक.

"होय बाबा," मी म्हटलं, "लई स्वाभिमानी."