मोठं काळीज

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी नगरला इस्पितळात नर्स होते आणि कार्डिओग्रामचं यंत्र आमच्याकडे नवंच आलं होतं. एकदा तालमीत घेरी येऊन पडलेला एक तरणा पैलवान तिसगावहून आला. आखाड्याच्या मातीला लावतात तसा त्याने आधी टेबलाला हात लावला, कपाळाला टेकवला आणि मग वर चढला. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या मी मनगटांना बांधत होते, तर गुदगुल्या झाल्यासारखा हसला.

कागदावरची रेघ पाहून डॉक्टर त्याला समजेल अशा भाषेत म्हणाले, "तुझं काळीज मोठं झालंय. कुस्ती बंद कर."

त्याचा चेहरा उजळला. "वस्ताद बी हेच म्हनत्यात, सायेब. लई मोठं काळीज हाय माजं!"

डॉक्टरांनी परोपरीनं बजावलं. पण 'मोठं काळीज' याला वाईट अर्थ आणायचा कुठून? जाताना तो आमच्या हातावर आनंदाचा गूळ ठेवून गेला.

जत्रेत त्याने कुस्ती मारली आणि तिथेच मातीत कोसळला, तो उठलाच नाही.

महिन्याभरानं त्याचे वडील आले. सोबत धाकटा मुलगा होता, तसाच रुंद खांद्यांचा. त्याला टेबलावर निजवून म्हातारा माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"बाई, याचं काळीज तेवढं लहान निघू द्या."