क्रीम रंगाचं कार्पेट आणि केळीचा चीक

वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही, हा नियम कुणी केला? तुम्ही केला असेल तर सांगा, तुमच्या शोकेसमधले काचेचे पेले नेमके कोणत्या पाहुण्याची वाट बघतायत?

सुहासभाऊ आमच्या दुकानासमोर त्यांच्या वडिलांच्या अँबॅसिडरचं मागचं दार उघडून, नाकाला रुमाल लावून उभे होते, तेव्हा हाच प्रश्न माझ्या जिभेवर होता. उस्तादांनी डोळे वटारले म्हणून मी तो गिळला.

"वास घ्या," सुहासभाऊ म्हणाले. "घ्या ना. तीन आठवडे झालेत फक्त."

मुद्दाम घ्यायची गरज नव्हती. वास आपण होऊन रस्त्यापर्यंत आला होता. पावसात राहिलेल्या गोणपाटाचा वास.

मी जळगावात गाड्यांच्या इंटिरियरचं काम करते. इंटिरियर म्हणजे गाडीचा आतला भाग: सीटा, छताचं कापड, दारांचे पॅड, खालचं कार्पेट. दुकान रफिकभाईंचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणते. जुनी गाडी आली की उस्ताद सीटा घेतात आणि कार्पेट माझ्याकडे येतं.

ही अँबॅसिडर सुहासभाऊंच्या वडिलांची, नानांची. नाना केळीवाले. चोपडा-शिरपूर रस्त्यावरच्या एका गावात त्यांचे मळे आहेत. सुहासभाऊ धुळ्याला कॉन्ट्रॅक्टर. ते जुन्या गाड्यांच्या एका क्लबात गेले आणि त्यांना आठवलं की आपल्या घरीही जुनी गाडी आहे. गाडी तेच घेऊन आले. रंग कोणता, कापड कोणतं, सगळं मोबाइलवर फोटो दाखवून त्यांनीच ठरवलं. कार्पेट क्रीम हवं. ओरिजिनल क्रीमच होतं म्हणे.

आम्ही महिनाभर राबलो. जुनं सगळं उपसलं. खालचा गंज घासला, रेड ऑक्साइड मारलं, त्यावर नमदा चिकटवला. नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा जाड थर. कार्पेटच्या खाली तो असला की आवाज आणि उष्णता कमी होते. त्यावर क्रीम कार्पेट, कडेला बाइंडिंग, ड्रायव्हरच्या टाचेखाली जाड तुकडा. सगळं सोल्यूशनने, म्हणजे गोंदासारख्या चिकट द्रावाने, पक्कं. गाडी गेली तेव्हा मी पन्नास फोटो काढले होते.

आणि आता हा वास.

"आमच्याकडून काही राहिलं असेल तर आम्ही फुकट करून देऊ," उस्ताद म्हणाले.

"करा. पण हे शेवटचं. परत गाडी ओली निघाली तर मी ती धुळ्याला नेणार. शेडमध्ये, कव्हर घालून. नानांना गाडी जपता येत नाही."

"मग नाना मळ्यात कशाने जातील?" मी विचारलं.

"स्कूटी घेऊन देऊ एखादी."

"शहात्तराव्या वर्षी स्कूटी?" उस्ताद म्हणाले. "भाऊ, त्यापेक्षा घोडा घेऊन द्या. तो निदान रस्ता बघून चालतो."

सुहासभाऊ हसले, पण शब्द मागे घेतला नाही. म्हणजे आता प्रश्न कार्पेटचा नव्हता. एका माणसाची रोजची गाडी राहणार की जाणार, हा होता. आणि ते माझ्या कामावर ठरणार होतं.

मी कार्पेट उचललं. नमदा पिळला तर धार लागली. पाणी येतं कुठून? जुन्या गाडीत चोर ठरलेले असतात. पहिला, पुढच्या काचेचं रबर. मी टॉर्च घेऊन आत बसले, उस्तादांनी बाहेरून काचेवर अर्धा तास पाइप धरला. थेंब नाही. दुसरा, दारांच्या कडेची रबरी पट्टी, बीडिंग. कोरडी. तिसरा, इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींची भोकं. बंद. चौथा, रेडिएटरचं पाणी. ते हिरवं असतं, हे तर साधं होतं.

"भूत आहे," उस्ताद म्हणाले.

"भूत गाडी धुतं का?" मी म्हटलं.

कारण दोन गोष्टी मला खटकत होत्या. गळतीचं पाणी कडेने येतं, इथे कडा जवळपास कोरड्या आणि मागच्या सीटच्या पायथ्याशी डबकं. शिवाय गळतीचं पाणी सोबत माती आणतं, वाळताना तपकिरी रेघ सोडतं. हे कार्पेट मात्र स्वच्छ होतं. माझ्या हातून गेलं तेव्हापेक्षाही स्वच्छ. कुसतंय आणि चमकतंय, असं कार्पेट मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही ते वाळवून, नवा नमदा घालून परत बसवलं. गाडी गावी गेली. चार दिवसांनी मी शिरपूरची बस पकडली.

"कस्टमरच्या घरी जाऊन भांडू नको," उस्ताद म्हणाले.

"भांडत नाही. बघते."

"तुझं बघणंपण भांडल्यासारखंच असतं."

मी पोचले तेव्हा नाना मळ्याच्या विहिरीजवळ होते. पांढरी टोपी, धोतर वर खोचलेलं. अँबॅसिडरची चारही दारं उघडी. मागे, माझ्या क्रीम कार्पेटवर, केळीचे तीन घड उभे होते. नुकते कापलेले, हिरवेगार. बाजूला गडी चौथा घेऊन येत होता.

"तू कोन शे वं बेटा?" नानांनी विचारलं. तू कोण आहेस?

"मी जळगावहून आले. गाडीचं कार्पेट मीच केलं."

"आस्सं! भलतं भारी करं. बैस, चहा ले."

घड कुणासाठी, ते त्यांनी न विचारता सांगितलं. व्यापारी छोटे घड घेत नाही. मग ते फेकायचे कशाला? एक बहिणीला, एक दवाखान्यातल्या नर्सबाईंना, उरलेले डोंगराकडच्या आश्रमशाळेतल्या पोरांना. आठवड्यातून दोनदा ही फेरी. डिकीत का नाही ठेवत? डिकीत ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं असतं, आणि घड तापून काळा पडतो. सीटवर ठेवले तर सुहास ओरडतो. राहिली कुठली जागा? पायाखालची.

फेरी करून नाना तासाभरात परत आले. मी झाडाखाली बसूनच होते. ते उतरले, विहिरीची मोटर चालू केली, पाइप ओढत आणला आणि सरळ गाडीच्या आत सोडला.

"नाना! काय करताय?"

"काय करस म्हंजे? चीक पडना ना. वाळाना आधी धोवाले पाहिजे."

केळीचा चीक. रावेरपासून शिरपूरपर्यंत कुणालाही विचारा. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा थेंब गळतो. दिसत नाही, चिकटतो. दुसऱ्या दिवशी तो काळा होतो आणि मग तुमचा शर्ट फाटेल, डाग जाणार नाही. उपाय एकच, ओला असतानाच भरपूर पाणी. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणते. माझ्या बापाचे सगळे सदरे त्याच डागांचे होते.

"डाग पडना ना," नाना म्हणाले, "तर सुहास गाडी धुळाले लई जाई." धुळ्याला घेऊन जाईल.

मी पाइप त्यांच्या हातातून घेतला आणि मोटर बंद केली. मग हसू आलं, आवरेना. गाडी जाऊ नये म्हणून हा माणूस ती धूत होता, आणि धुतल्यामुळेच गाडी जाणार होती.

"हे तुम्ही सुहासभाऊंना का नाही सांगितलं? आम्हाला का नाही?"

"माले कोनी इचारं नही," नाना म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही. "गाडी लई गयात, गाडी लई उनात. बठ्ठं तुमनं तुम्हीच ठरायं." गाडी नेली, गाडी आणली, सगळं तुमचं तुम्हीच ठरवलं.

बाकीचंही मला तिथेच आठवलं. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात कार्पेट नव्हतंच. काथ्याच्या जाड चटईचे चार सुटे तुकडे होते, सुतळीने कडा शिवलेले. आम्ही खूप हसलो होतो. गाडीत पायपुसणी! भंगारात टाकली. खालच्या पत्र्याला चार भोकं होती, त्यांत रबरी बुचं. आत गेलेलं पाणी बूच काढलं की खाली जातं. मी ती भोकं सिलंटने कायमची बुजवली होती, आणि उस्तादांनी माझी पाठ थोपटली होती. नानांनी स्वतःच्या कामासाठी स्वतः बसवलेली एक चोख व्यवस्था आम्ही, शिकलेल्या कारागिरांनी, उखडून फेकली होती. आणि दोष कुणाला देत होतो? काचेच्या रबराला.

मी नानांना म्हटलं, "उद्या जळगावला चला. गाडी तुम्हीच चालवा. येताना एक ताजा दांडा आणा."

दुसऱ्या दिवशी दुकानात जे झालं त्याला उस्ताद अजून 'केळीची परीक्षा' म्हणतात. मी सुहासभाऊंनाही बोलावलं होतं. टेबलावर पाच तुकडे मांडले: क्रीम, राखाडी, मरून, काळा, कॉफी. नानांनी विळ्याने दांडा छाटला आणि प्रत्येकावर चीक टपटप गाळला.

"अरे अरे, माझे सॅम्पल!" उस्ताद ओरडले.

"गप बसा उस्ताद," नाना म्हणाले. "पोरगी हुशार शे."

"ती हुशार आहे म्हणूनच मला बीपीच्या गोळ्या लागतात."

बापलेक रात्री जळगावातच नातेवाइकांकडे राहिले. सकाळी सगळे पुन्हा टेबलाभोवती. क्रीमवर काळे ठिपके, जणू शाई सांडलेली. राखाडीवरही तेच. मरूनवर डाग पुसट, पण दिसणारा. काळ्यावर चीक दिसेना, पण एका रात्रीत बसलेली रस्त्याची धूळ दिसली. कॉफी रंगाच्या तुकड्यावर नानांनी चष्मा लावून, मग काढून, मग बोट फिरवून पाहिलं.

"आठे पडना व्हता का?" त्यांनी मलाच विचारलं. इथे पडला होता का?

तोच तुकडा पास झाला.

"पण क्लबमध्ये ओरिजिनलला मार्क असतात," सुहासभाऊ म्हणाले. "कॉफी रंगाचं, सुट्या तुकड्यांचं कार्पेट म्हणजे..."

आता उस्तादांनी डोळे वटारले तरी मी थांबणार नव्हते.

"भाऊ, ही गाडी कारखान्यात किती दिवस होती? आणि नानांकडे किती वर्षं? मग ओरिजिनल कोण, कारखाना की नाना? तुम्हाला गाडी जपायची आहे. चांगलं आहे. पण ती आजवर जपली कुणी? रोज चालवली म्हणून चालतेय ती. शेडमध्ये कव्हराखाली ठेवा, दोन वर्षांत उंदीर माझी शिलाई उसवतील."

उस्ताद सुईत दोरा ओवायचं नाटक करत होते.

सुहासभाऊ गाडीपाशी जाऊन आत वाकले. मी बुजवलेली पत्र्यातली भोकं आदल्या दिवशीच पुन्हा उघडली होती, ती त्यांनी पाहिली. मग वडिलांकडे वळले. "नाना, तुम्ही गाडी आतून धुता हे मला एकदा तरी सांगायचं."

"तू माले रंग इचारा का?"

"नाही विचारला."

"मंग."

सुहासभाऊ हसायला लागले. "करा कॉफी," ते मला म्हणाले. "गाडी मळ्यातच राहील."

मी चार सुटे तुकडे कापले. आखूड केसांचं, पाणी न पिणारं कार्पेट, खाली नमद्याऐवजी पातळ रबर, कोपऱ्यांना प्रेस बटणं. बटणं सोडा, तुकडा बाहेर काढा, दोरीवर टाका, खुशाल पाइप मारा. भोकांना नवी बुचं. काम तीन दिवसांचं. आधीच्या महिनाभराच्या कामापेक्षा मला त्याचा जास्त अभिमान आहे.

धुळ्यातल्या क्लबच्या प्रदर्शनात गाडीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी कार्पेटचे मार्क कापले, तशी चिठ्ठीच दिली. नाना मात्र मागची दोन्ही दारं उघडून केळी वाटत होते, आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती. परीक्षकांनीही दोन-दोन खाल्ली. पुढे मी तीनदा त्या मळ्यात गेले आणि तिन्ही वेळा पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला. कोरडा ठणठणीत.

यातून मी शिकले ते असं: पाणी कुठून येतं हे शोधायला टॉर्च लागते, पण आधी तोंड उघडून विचारावं लागतं. आता आमच्या दुकानात गाडी आली की पहिला प्रश्न रंगाचा नसतो. गाडीत काय काय नेता, हा असतो.

तुम्हाला एकच विनंती आहे. घरातली जुनी गाडी, शिलाई मशीन, पलंग, काहीही दुरुस्तीला द्याल तेव्हा ती वस्तू जो रोज वापरतो त्याला सोबत घेऊन जा. तो म्हातारा असेल, कमी बोलत असेल, दुकानात अवघडून उभा राहत असेल, तरी न्या. आणि आम्ही कारागीर तुमच्याशीच बोलत बसलो, तर आम्हाला थांबवा आणि म्हणा, "यांना विचारा."