फोटोखालची ओळ

एका मिशनरी संस्थेत मी प्रसिद्धीचं काम करत होते. फोटो काढायचे, माणसांशी बोलायचं, चार ओळी लिहून पुण्याच्या ऑफिसला धाडायच्या. मी हिंदू घरातली, शिरूरची. म्हणून गावात लोकांचा माझ्यावर पटकन भरवसा बसेल, असं आमच्या साहेबांना वाटे. झालं उलटंच. ‘आपली असून त्यांच्यात कशी?’ हे लोक नजरेनंच विचारत.

वडगाव रासाईच्या पलीकडं, भीमेकाठच्या एका गावात आमची संस्था, देवस्थान समिती आणि दर्ग्याची कमिटी यांनी मिळून डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. समितीचे अध्यक्ष आबा, वयस्कर बागायतदार, दिवसभर माझ्या मागंमागं.

“म्याडम, ह्ये फोटू जात्यात कुठं?”

“आमच्या पत्रकात. देणगीदारांना काम कळावं म्हणून.”

“काम कळावं का आजून काय?”

मी हसून वेळ मारून नेली. त्या दिवशी एका धनगर आजींचा फोटो छान आला. आमच्या संस्थेतल्या डॉक्टर असलेल्या सिस्टर त्यांची हनुवटी धरून डोळ्यात बॅटरी मारत होत्या.

दीडेक महिन्यानं तोच फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. वर लिहिलं होतं, ‘शिबिराच्या नावाखाली धर्मांतर.’ माझा पहिला संशय आबांवर. दुसरा, खरं सांगायचं तर, दर्ग्याच्या मुजावर चाचांवर. फोटो मी दोघांनाही पाठवला होता. फोनवर मी आडून आडून विचारलं, तर चाचा म्हणाले, “सरळ इचारा की. मी न्हाई टाकला.” तरी माझं मन निवळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेले. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. आमचं इंग्रजी पत्रक पुढ्यात टाकलं. त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं ते नेटवरून काढून दिलं होतं.

“वाचा. मराठीत सांगा.”

मी लिहिलं होतं, ‘आजींना मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन ठरलं.’ छापलं होतं, ‘प्रार्थनेनंतर आजींच्या आयुष्यातला अंधार सरला.’ खाली माझं नाव.

“ग्रुपवर म्याच टाकला,” आबा म्हणाले. “चुकलं का?”

मी पत्रक उचललं आणि बाहेर आले.

साहेबांना फोन केला. “बाहेरच्यांना असंच लिहावं लागतं. गावात इंग्रजी कोण वाचतंय?” त्यांना यात काहीच गैर वाटत नव्हतं.

मग मी माझ्याच नावानं माफी लिहिली आणि देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर वाचली. आजी मधेच म्हणाल्या, “परार्थना कवा झाली गं? म्या तर रांगंतच हुभी व्हते.” बायका हसल्या. चाचाही हसले. आबा हसले नाहीत.

पुढच्या वर्षी देवस्थान आणि दर्गा यांनी आमच्या संस्थेविना शिबिर घेतलं. तोवर मी नोकरी सोडली होती. चाचांनी केसपेपर लिहायला बोलावलं, म्हणून गेले. दारातच आबांनी हात पुढं केला.

“मोबाईल द्या इकडं. जाताना मिळंल.”

राग आला. पण दिला. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या बंडीच्या खिशात होता, आणि मी खाली मान घालून एकेकाचं नाव, वय, कोणता डोळा, एवढंच लिहीत राहिले.